मानशीचं दार मोडलं, आता दुसरा भाग

प्रश्न : मी डिचोलीची, वय २३. दोन वर्षांपूर्वी माझी कुमारवयीन वाचकांसाठीची पहिली कादंबरी आली. खाजनाच्या (भरतीचं पाणी बांधाने अडवून केलेल्या शेतीच्या) काठचं गाव, सोळा वर्षांची वेदा, तिला रात्री राखणदाराच्या, म्हणजे गावाची राखण करणाऱ्या देवाच्या, काठीचा आवाज ऐकू येतो. खाडीतला गिऱ्हा (पाण्यातलं भूत) गावातली मुलं ओढून नेऊ लागतो. शेवटी वैशाख अमावास्येला मध्यरात्री वेदा मानशीचं, म्हणजे बांधातून पाणी आत-बाहेर करणाऱ्या वाटेचं, दार कुऱ्हाडीने फोडते, शेतातल्या पाण्याचा लोंढा गिऱ्ह्याला घेऊन नदीत आणि तिथून समुद्रात जातो, गाव वाचतो. मुलींनी वाचनालयातून पुस्तक नेऊन नेऊन वाचलं, पुढचा भाग मागतात. मी ३५ हजार शब्द लिहिलेत आणि अडकलेय. या भागात गिऱ्ह्याची आई आणली आहे, ती सातपट ताकदवान आहे, तरी भीती वाटत नाही. मैत्रीण म्हणते पहिली नऊ पानं कंटाळवाणी आहेत. वेदाच्या मागे दोन मुलगे आहेत, त्यांचं काय करायचं कळत नाही. शिवाय गावातले एक काका रागावले, की राखणदाराला गोष्टीत का ओढलं? पहिलं पुस्तक आणि नव्या भागाचं हस्तलिखित सोबत पाठवते आहे.
– एक लेखिका, डिचोली

उत्तर : दोन्ही वाचलं. गिऱ्ह्याची आई काढून टाका. तुमचा दुसरा भाग पहिल्या पुस्तकाच्या शेवटच्या चार पानांत तयार पडला आहे, तुम्ही त्याच्यावरून पुढे निघून गेलात.

आधी त्या रात्रीचं पाणी बघू. अमावास्येला आणि पौर्णिमेला आपल्याकडे भरती साधारण दुपारी आणि मध्यरात्रीच्या आगेमागे पूर्ण होते. नदीत आत जावं तसा तिला पोचायला आणखी वेळ लागतो. म्हणजे वेदा कुऱ्हाड घेऊन उभी आहे तेव्हा नदी फुगलेली आहे आणि शेतातलं पाणी खाली आहे. मानशीची लाकडी दारं चालतात ती याच फरकावर. भरतीला बाहेरचं पाणी दाबतं आणि दार आपोआप मिटतं, सुकती (ओहोटी) लागली की आतलं पाणी ढकलतं आणि ते उघडतं. तुडुंब भरतीत दार फोडलं तर लोंढा नदीतून शेतात शिरेल. तुमच्या पुस्तकात तो शेतातून नदीकडे गेला. मानशीवर जाळं लावणाऱ्या कुठल्याही माणसाला हे पहिल्या वाचनात खटकेल.

पुस्तक छापून झालं आहे, त्यामुळे ही चूक मागे जाऊन पुसता येणार नाही. पुसूही नका. गावातल्या एका म्हाताऱ्या मानसकाराला (मानस सांभाळणाऱ्याला) दुसऱ्या भागात हेच विचारू द्या : ‘भरतीत दार मोडलं, मग पाणी भायर कशें गेलें?’ हा प्रश्न पडल्याक्षणी वेदाची विजय मानलेली रात्र संशयास्पद होते. भरतीच्या विरुद्ध एवढं पाणी कोणी ओढलं? राखणदाराने ओढलं असेल तर त्यासाठी त्याला काय द्यावं लागलं? आणि दुसऱ्याच कोणी ओढलं असेल, तर वेदाने त्या रात्री कोणाची मदत घेतली? सातपट ताकदीच्या भुतापेक्षा ही भीती खोल जाते, कारण ती वाचकाने आनंदाने मिटलेल्या पुस्तकात मागे जाऊन शिरते. पहिला भाग पुन्हा उघडून ती चार पानं वाचावीशी वाटणं, यापेक्षा दुसऱ्या भागाने पहिल्यासाठी करण्यासारखं मोठं काम नाही.

आता त्या रात्रीनंतरची सकाळ. दार मोडलं म्हणजे दुरुस्त होईपर्यंत रोज दोन भरत्या शेतात येणार. भरती दर १२ तास २५ मिनिटांनी येते आणि रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. खारं पाणी असं आत-बाहेर करत राहिलं की शेताजवळच्या विहिरी मचूळ होऊ लागतात. कोरगुट भात खारं सोसणारं म्हणून खाजनात पेरतात, पण तेही आधी पावसाने मीठ धुऊन निघाल्याशिवाय धरत नाही, आणि मोडक्या दारातून पावसाने धुतलेलं मीठ पुढच्या भरतीला परत येतं. दाराजवळचा बांध धारेने कातरला जातो. कुर्ल्यांनी आधीच भोकं पाडलेली असतील तर तो तिथून खचतो. मानशीवर मासे धरण्याचा हक्क पावणीत (लिलावात) घेतलेल्या माणसाचं वर्ष बुडतं. हे असंच राहिलं तर काही वर्षांत शेतात खारफुटी उगवते आणि शेत नदीचं होतं.

हे सगळं वेदाने केलं आहे, गाव वाचवताना. गावाला अर्धीच गोष्ट माहीत आहे, की दार तिने फोडलं. गिऱ्हा कोणी पाहिला? मुलं परत आली ती काही न आठवता. सोळा वर्षांच्या मुलीने चांगल्यासाठी केलेली गोष्ट अख्ख्या गावाच्या पोटावर यावी आणि तिला ती नीट समजावूनही सांगता येऊ नये, हा अनुभव तुमच्या वाचक मुलींना आतून ओळखीचा असतो. भूत त्यांनी पाहिलेलं नसतं. घरात, शाळेत, मैत्रिणींत अशी गैरसमजाची दुपार मात्र प्रत्येकीने काढलेली असते.

दुरुस्तीतच कथानकाचा कालक्रम दडला आहे. उधाणाच्या दिवसांत मानशीला हात लावता येत नाही, धार फार असते. अष्टमीच्या आगेमागे भांगाची भरती असते, पाण्याची चढउतार कमी, तेव्हा काम करायचं. तेही सुकतीच्या काही तासांत : आधी माती आणि पोत्यांचा तात्पुरता बंधारा, मग चौकट, मग फळ्या. वैशाख अमावास्येनंतर पाऊस जोर धरण्याआधी गावाला अशा दोनच संधी मिळतात, ज्येष्ठातली शुद्ध अष्टमी आणि वद्य अष्टमी. पहिल्या अष्टमीला बंधारा घातला जातो आणि रात्रीत कोणीतरी तो आतल्या बाजूने उकरतं. दुसऱ्या अष्टमीला दार बसतं, पण उलटं, म्हणजे ते भरतीला उघडतं आणि सुकतीला मिटतं. सुतार शपथेवर सांगतो की त्याने सरळ बसवलं होतं. मग पाऊस. मग शेतात साचलेल्या पाण्यात रात्री उजेड दिसू लागतात. शेवट नव्याच्या पंचमीला करा. गणेश चवथीच्या दुसऱ्या दिवशी घराघरात नवं कणीस पुजायचं असतं, शेजारच्या ख्रिस्ती वाड्यावर ऑगस्टमध्येच कणसांचं फेस्त होऊन जायचं असतं आणि या गावाच्या शेतात कणीसच नाही. ते शेजारच्या गावाकडे मागायला जावं लागणं ही गावाची नाचक्की, आणि तीही वेदाच्या नावावर. तुमच्या सध्याच्या शेवटात आकाश फाटतं, चर्चची घंटा आपोआप वाजते आणि डोंगर हलतो. त्या सगळ्याच्या जागी माटोळीखाली (गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या मांडवाखाली) रिकामं राहिलेलं एक तबक ठेवून पाहा.

चंद्राचंही बघून घ्या, कारण अशा चुका हस्तलिखितात पाच ठिकाणी सापडल्या. अमावास्येच्या रात्री ‘चांदण्यात चमकणारी काठी’ दिसणार नाही. शुद्ध अष्टमीचा चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास मावळतो, वद्य अष्टमीचा त्याच सुमारास उगवतो, पौर्णिमेचा चंद्र सूर्य मावळताना उगवतो. अकराव्या प्रकरणात वेदा अमावास्येला मध्यरात्री कोरड्या पात्रातून चालत जाते. त्या वेळी तिथे पुरुषभर पाणी असेल. अमावास्या हवीच असेल तर प्रसंग पहाटे पाच-सहाकडे न्या, तेव्हा ओहोटी पूर्ण झालेली असेल. मध्यरात्र हवी असेल तर अष्टमी घ्या, पण भांगात पात्र पूर्ण उघडं पडत नाही, चिखल गुडघ्यापर्यंत राहील. आम्ही अष्टमी घेतली असती. चिखलातून पाय उपसत चालणारी मुलगी कोरड्या वाळूवरच्या मुलीपेक्षा जास्त अडकलेली असते.

यासाठी एक दोनशे पानी वही करा. संगणकावर केलीत तरी चालेल, पण लिहिताना ती शेजारी उघडी राहिली पाहिजे. पहिलं पुस्तक हातात पेन्सिल घेऊन वाचा आणि तीन गोष्टी पानांकासह उतरवा. पहिली, ठरून गेलेल्या गोष्टी : वेदाची जन्मतिथी, कोणाच्या कुठल्या हातावर व्रण, फेरीबोटीच्या धक्क्यापासून घर किती मिनिटांवर, मानशीला दारं दोन की तीन. (पुस्तकात पान ३१ वर दोन आहेत, पान १४० वर तीन.) दुसरी, अद्भुताचे नियम : राखणदार काय करू शकतो, काय नाही, कशाच्या बदल्यात. तिसरी, दिलेले शब्द, म्हणजे कोणी कोणाला काय कबूल केलं आणि वाचकाला कुठली गोष्ट अर्धी दाखवून ठेवली. पुढचे भाग बहुधा या तिसऱ्या यादीवरच फसतात, कारण लिहिणारा विसरतो आणि वाचणारा विसरत नाही. तुमच्या पान ११८ वर वेदा राखणदारापुढे गाऱ्हाणं घालते आणि म्हणते, ‘गाव वाचूं दी, मागशी तें दितां.’ नव्या ३५ हजार शब्दांत त्याने एकदाही काही मागितलेलं नाही. गोव्यात आंगवण (नवस) बोलून विसरणाऱ्याला काय वाटत राहतं, हे तुमच्या वाचकांना सांगायला नको. पहिल्या पन्नास पानांत त्याने मागितलं पाहिजे. आणि जे मागेल ते वेदाला देता येईल असं, पण द्यावंसं न वाटणारं असलं पाहिजे. जीव वगैरे मागू देऊ नका, जीव मागितला की वाचकाला कळतं की लेखिका तो देणार नाही. त्याला आजोबांचा आवाज मागू दे. वेदाच्या कानात राहिलेला, तिला झोपताना आठवणारा आवाज. दिला की आठवण जाईल.

नियमांच्या यादीतली एक मोठी अडचण. पहिल्या भागात राखणदार पाणी ओलांडत नाही, त्याची हद्द नदीपाशी संपते. नव्या भागात सातव्या प्रकरणात तो पलीकडच्या फेरीधक्क्यावर उभा आहे, कांबळं, काठी सगळं तेच. नियम मोडायचा असेल तर मोडल्याची किंमत दाखवावी लागेल, नाहीतर वाचक पुढच्या कुठल्याच नियमाला घाबरणार नाही. पण आम्हाला तो प्रसंग काढून टाकावासा वाटला नाही. राखणदार पाणी ओलांडत नाही हे जर खरं, तर पलीकडे त्याचं कांबळं पांघरून उभं असलेलं कोण आहे? हे वेदाच्या लक्षात येऊ दे, पण लगेच नको. फेरी अर्ध्या नदीत पोचली आहे, परतता येत नाही, आणि तेव्हा तिला तो नियम आठवतो. उलट्या वाहिलेल्या पाण्याचं उत्तरही तिथेच उभं आहे असं आम्हाला वाटतं, पुढचं तुम्ही ठरवा.

आता ती नऊ पानं. मैत्रीण बरोबर सांगते. तुमची सुरुवात अशी :

‘वेदा आता सोळा पूर्ण करून सतराव्या वर्षात होती. गेल्या वर्षी तिला कळलं होतं की आजोबांसारखाच तिलाही राखणदाराच्या काठीचा आवाज ऐकू येतो. गिऱ्ह्याने गावातल्या चार मुलांना नेलं होतं. वैशाख अमावास्येच्या रात्री तिने मानशीचं दार फोडून गावाला वाचवलं होतं.’

ज्याने पहिला भाग वाचला त्याला हे माहीत आहे, ज्याने वाचला नाही त्याला याचं काही वाटत नाही. ‘होतं, होतं’ची रांग लागली की समजावं, गोष्ट थांबून माहिती चालू झाली. त्याऐवजी अमावास्येनंतरची सहावी पहाट घ्या :

‘आईने विहिरीतून घागर वर घेतली, बोट बुडवून जिभेला लावलं आणि घागर तशीच माडाच्या आळ्यात उपडी केली. “आज पण?” वेदाने विचारलं. आईने उत्तर दिलं नाही. खाली शेतात भरती चढत होती, फुटक्या दाराची एक फळी पाण्यावर आपटत होती. रात्रभर वेदा काठीच्या आवाजाची वाट बघत जागी होती. सहा रात्री झाल्या, तो आला नव्हता.’

विहीर खारट झाली, दार मोडलं, आई बोलत नाही, कोणीतरी येत असे तो येत नाही. जुन्या वाचकाला हे पुरे, नव्या वाचकाला इथे चार प्रश्न पडतात. मागची हकीकत यापुढे एवढ्याच मापाने द्या : एखाद्या पात्राला आत्ता काही ठरवायचं आहे आणि ती गोष्ट माहीत असल्याशिवाय ठरवता येत नाही, तेव्हाच, आणि एका वेळी दोन-तीन वाक्यं. गिऱ्ह्याने मुलं नेली हे चौथ्या प्रकरणात परत आलेल्या मुलाच्या आईच्या तोंडून भांडणात बाहेर पडलं तरी चालेल. तिथे ते टोचेल.

वेदाच्या मागच्या दोन मुलग्यांबद्दल थोडक्यात. त्यातला कॉलेजात कविता करणारा आमच्या मते अनावश्यक आहे, त्याला फेरीच्या पलीकडेच राहू द्या. दुसऱ्याच्या वडिलांनी मानशीची पावणी घेतलेली असू द्या. वेदाने दार फोडलं म्हणून त्याच्या घरात पैसे नाहीत, हायर सेकंडरीची फी थकली आहे, आणि तरी तो अष्टमीला बंधाऱ्यावर तिच्या शेजारी माती टाकायला उभा राहतो. त्याच्याशी तिचं प्रेम जमवायचं की नाही हे त्या रात्री तुम्हाला लिहिताना कळेल.

संवादांतली कोकणी छान आहे, पण प्रत्येक वाक्यामागे त्याचं मराठी भाषांतर जोडू नका. उत्तरातून अर्थ पोचवा. आजीने ‘खंय गेल्लें गो इतलो वेळ?’ विचारलं आणि वेदा ‘मानशीकडे’ म्हणाली, की कोल्हापूरच्या वाचकालाही कळतं. याच वाक्यात तुम्हाला एक हत्यार मिळतं. कोकणीत लहान मुलीला, पोरसवदा मुलीला ‘तें’ म्हणतात, ‘गेल्लें’, ‘आयलें’. बाई मोठी झाली की ‘ती’, ‘गेल्ली’, ‘आयली’. पहिल्या भागात राखणदार वेदाला सतत ‘तें’च्या रूपात बोलतो. दुसऱ्या भागात एकदाच, शेवटाजवळ, त्याच्या तोंडी ‘आयली’ येऊ द्या. त्यावर कसलंही स्पष्टीकरण देऊ नका.

काकांचा राग गंभीरपणे घ्या. राखणदार कित्येक घरांत आजही रोजचा आहे, लोक त्याच्या नावाने रोट (जाड भाकरी) ठेवतात, वाटेने जाताना हात जोडतात. त्यामुळे गाव काल्पनिक ठेवा, ते ठेवलंच आहे, पण तुम्ही देवस्थानाचं वर्णन एका खऱ्या ठिकाणावरून इतकं हुबेहूब उचललं आहे की ओळखू येतं. वड, पायऱ्या, घाटी यांची जागा बदला. खऱ्या देवळात घातलं जाणारं गाऱ्हाणं शब्दशः छापू नका, त्याची लय घ्या, शब्द तुमचे लिहा. कौल घेण्याचा प्रसंग चांगला जमला आहे, तो ठेवा, पण पाकळी पडल्यावर कौल लावणारा घाडी जे सांगतो त्याची तुम्ही चेष्टा केली आहे, तेवढी दोन वाक्यं गाळा. राखणदाराला खलनायक करू नका, त्याचं रूप घेतलेलं दुसरं कोणी करा. आणि भुतांची नावं निवडताना जपा. आपल्याकडे काही नावं सरळ जातींवरून पडली आहेत, नवव्या प्रकरणात तुम्ही त्यातलं एक सहज वापरलं आहे. वाचणारी मुलगी त्या जातीची असेल तर तिला तिथे भीती वाटणार नाही, अपमान वाटेल. ते बदला. शक्य असेल तर बदललेली पानं घेऊन काकांकडे जा, वाचून दाखवा, आणि मानशीबद्दल विचारा. त्यांच्या पिढीकडे बांधाची जी माहिती आहे ती कुठल्या पुस्तकात मिळणं कठीण.

लांबी : पहिला भाग ४२ हजार शब्दांचा होता, हा ५० हजारांपुढे नेऊ नका. ३५ हजारांतले साधारण १४ हजार टिकतील असा आमचा अंदाज आहे : विहीर, फेरी, कौल, आजीची सगळी प्रकरणं. गिऱ्ह्याच्या आईची बाकी प्रकरणं वेगळ्या फाइलमध्ये ठेवा, पुसू नका. दोन-दोन हजारांची चोवीस-पंचवीस प्रकरणं धरा आणि प्रत्येकाच्या माथ्यावर, फक्त तुमच्यासाठी, तिथी आणि त्या वेळी पाणी चढतंय की उतरतंय एवढं लिहून ठेवा.

पहिली तीन प्रकरणं नव्याने झाली की दोघींना वाचायला द्या, एक पहिला भाग वाचलेली, एक न वाचलेली, दोघीही पंधरा-सोळाच्या. आवडलं का असं विचारू नका. न वाचलेलीला विचारा, कुठे थांबून मागे जावंसं वाटलं. वाचलेलीला विचारा, काठीचा आवाज का थांबला असेल. तिने दोन वेगवेगळी उत्तरं दिली तर पुढे लिहायला लागा. एकच उत्तर दिलं आणि ते तुमच्या मनातलंच निघालं, तर सहाव्या पहाटेचा प्रसंग पुन्हा लिहा.